वहिनीचं वाळवण

वहिनी गेल्याचा दादाचा फोन आला तेव्हा मी अमरावतीच्या घरी मेथी निवडत बसले होते. माझा हा मोठा भाऊ फोनवर कधीच लांबण लावत नाही. "नंदा, निर्मला गेली," एवढंच म्हणाला, आणि मग बराच वेळ पलीकडून नुसता मशीनचा आवाज येत राहिला. तो शेडमधूनच बोलत होता. वहिनी सकाळी नेहमीसारखी शेडवर गेली, ड्रायर सुरू करून घेतला, पहिला माल बाहेर पडताना पाहिला आणि दम लागला म्हणून भरलेल्या पोत्यांवर टेकली. तिच्यासाठी पाणी आणायला गेलेली बाई परत आली तोवर... डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हणून सांगितलं. साठी नुकतीच उलटली होती तिची.

मोर्शीमार्गे एसटीने वरूडला पोचेपर्यंत दुपार झाली. अंगण माणसांनी भरलं होतं. शेड घरामागे, बागेच्या कडेला आहे. तिथे काम करणाऱ्या दोघी बायका घुटमळत दादाजवळ आल्या आणि ड्रायर बंद करायचा का, असं त्यांनी हळूच विचारलं. आत ओला माल होता. दादाने वर पाहिलं आणि तो म्हणाला, "चालू राहू द्या. अर्धा वाळलेला माल ठेवता येत नाही." जमलेल्यांपैकी एक-दोघांना ते आवडलं नाही, तसं ते पुटपुटलेही. वहिनीला नेलं तेव्हा मागे ड्रायरची घरघर चालूच होती. मला ते बरोबर वाटलं. तिला कुणी विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं.

अमरावतीत ओळखीची माणसं मला विचारायची, तुमच्या वहिनीचा कारखाना नेमका कसला? एका दमात सांगणं अवघड जायचं. बागेत गळून पडलेला संत्रा, मंडीत निवडताना बाजूला फेकलेली डागी फळं, डाळ मिलमध्ये भरडताना पडणारी तुरीची चुनी, मळणीनंतर उरणारं सोयाबीनचं कुटार... माणसाने टाकून दिलेलं हे सगळं ती आणायची, कापायची, वाळवायची, एकत्र दळायची आणि त्याची जनावरांसाठी बोटाएवढी गोळीपेंड पाडायची. ड्रायरच्या भट्टीत लाकूड नसायचं. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी पऱ्हाटी उरते, जिला आमच्याकडे बहुतेक जण काडी लावून मोकळे होतात, तिचा भुगा दाबून केलेल्या कांड्या ती जाळायची. ऐकणारा म्हणायचा, म्हणजे कचऱ्याचाच धंदा ना? वहिनीसमोर कुणी असं म्हटलं तर ती शांतपणे 'हो' म्हणायची आणि पुढचं बोलायला लागायची.

ती अकोल्याची. डाळ मिलच्या मागच्या गल्लीत वाढलेली. तिचे वडील मिलमध्ये मिस्त्री होते आणि धाकटा भाऊ सुरेश पुढे मिलच्या मशीन दुरुस्त करण्याचंच काम करू लागला. लग्न होऊन ती वरूडला आली तेव्हा मी शाळेत होते. आल्यानंतर दोन-चार दिवसांतच तिने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "नंदाबाई, इथं काहीच चालू नसते का?" मला काही कळेना. मग लक्षात आलं, ती आवाजाबद्दल बोलत होती. मिलच्या खडखडाटाशिवाय दुपार कशी जाते हे तिला माहीतच नव्हतं. आमच्या बागेतली शांतता, जिचं पाहुण्यांना फार कौतुक, ती तिला आजारी माणसाच्या घरासारखी वाटायची. बी.एस्सी. झालेली होती, रसायनशास्त्र घेऊन. माझी बारावी तिनेच काढून दिली. काही वर्षं गावातल्या एका खासगी शाळेत तिने शिकवलंही, पण पुढे आमच्या आईचं आजारपण आलं, मुलगा लहान होता, ते सुटलं. त्याबद्दल तिने कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. एवढं मात्र खरं की दुपारी घर आवरून झालं की ती बागेच्या बांधावर जाऊन उभी राहायची आणि परत यायची. काय पाहायला जायची, कुणास ठाऊक.

संत्र्याच्या बागेत गळ दरवर्षीच असते. एके वर्षी मात्र पावसाळ्याच्या शेवटी अशी काही गळ झाली की झाडाखाली पाय ठेवायला जागा राहिली नाही. सगळ्यांनी जे केलं तेच दादानेही केलं, ट्रॅक्टर भरभरून ती फळं नाल्यात नेऊन टाकली. गावातल्या इतरांचीही तिथेच. मंडीतला फेकलेला माल तिथेच. आठवड्याभरात नाल्यावरून जाणारा माणूस नाकाला रुमाल लावू लागला. माश्यांनी गाव भरलं, जेवायला बसताना ताटावर पदर धरायची वेळ आली, आणि नाल्याजवळच्या विहिरीचं पाणी आंबूस लागू लागलं. दादा म्हणायचा, पाणी आलं की वाहून जाईल. ते वाहून जायचंही, खालच्या गावाला. वहिनीने तेव्हा पहिल्यांदा दोन टोपल्या गळलेली फळं घरी आणली, चिरली आणि गच्चीवर वाळत घातली.

ती वाळलीच नाहीत. उन्हात तीन दिवसांनी काळी पडली, बुळबुळीत झाली, वर अळ्या. पापड-कुरडयांचं वाळवण आयुष्यभर करणाऱ्या आमच्या आईने वर जाऊन पाहिलं आणि खाली येऊन, गच्ची धुऊन काढ, एवढंच सांगितलं. वहिनीने गच्ची धुतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फळं आणली. कडबा कापायच्या मशीनमध्ये बारीक करून पाहिली, फडक्यात बांधून दगडाखाली ठेवून पाहिली. पाणी सुटतच नव्हतं, सगळा लगदा जेलीसारखा धरून बसायचा. पुढे कधीतरी मुलाने फोनवर तिला परदेशातल्या एका रसाच्या कारखान्याची फिल्म दाखवली. भाषा अगम्य होती, पण वहिनीने एक गोष्ट हेरली. सालीच्या ढिगावर कामगार कसली तरी पांढरी भुकटी टाकत होते. मग स्वयंपाकघरात ओळीने वाट्या मांडल्या गेल्या. एकीत मीठ, एकीत सोडा, एकीत तुरटी, आणि एकीत घराला लावायचा चुना. चुन्याच्या वाटीतल्या लगद्याचा रंग बदलला आणि थोड्या वेळाने वाटीत पाणी सुटलं. मी दिवाळीला गेले होते, तेव्हा तिने मला ते करून दाखवलं. लगदा मुठीत दाबला, बोटांमधून पिवळं पाणी खाली गेलं आणि हातात कोरडा चोथा उरला. "आता वाळते हा," ती म्हणाली. तिचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता.

पुढचं सगळं सावकाश झालं. सुरेशने अकोल्याहून गोळी पाडण्यासाठी एक जुनी मशीन आणली, तिचा साचा बदलला, गोल फिरणारा ड्रायर बनवून दिला. बहीणभाऊ दिवस दिवस शेडमध्ये तेलकट हातांनी वाद घालत बसायचे. तुरीची चुनी अकोल्याहून यायची, कुटार गावातलंच. पहिली गोळी बाहेर पडली ती हातात घेताच चुरा झाली, दुसऱ्या खेपेची इतकी टणक झाली की आमच्या म्हशीने चाटून सोडून दिली. जमली तेव्हा मात्र शेडमध्ये संत्र्याच्या सालीचा आणि भाजलेल्या डाळीचा असा मिळून एक वास पसरला की मलाच ती खावीशी वाटली होती. लोकांनी लगेच घेतली असं नाही. "गाईले दवाई चारून राहिली का, बाई?" असं विचारत. वहिनी भर रस्त्यात आमच्या म्हशीला ती खाऊ घालायची आणि तिथेच उभी राहायची. हळूहळू दूधवाले येऊ लागले. त्यात पहिली सुमनबाई. शेजारच्या गावची, नवरा लवकर गेलेला, दोन म्हशींवर घर चालवणारी. दूध वाढलं की नाही ते ती सांगायची नाही, फक्त पुढच्या महिन्यात पुन्हा यायची.

आता मला जे सांगायचं आहे त्याच्याकडे येते. एका सप्टेंबरात वहिनीची आई आजारी पडली म्हणून ती अकोल्याला गेली होती. इकडे पावसाची झड लागली होती. ड्रायरमध्ये माल असताना लाइट गेली आणि पुढचा सारा दिवस आली नाही. आली तेव्हा गिऱ्हाइकं दारात उभी होती. त्यांची जनावरं उपाशी, बाहेर चारा भिजलेला. दादाने तोच अर्धा वाळलेला माल गोळी पाडून गरम गरम पोत्यांत भरला आणि देऊन टाकला. त्यात त्याचा काही कावा नव्हता. दारात आलेल्याला परत पाठवायचं कसं, एवढंच त्याच्या मनात होतं. वहिनी परत आली, उरलेल्या एका पोत्यात तिने हात घातला आणि तसाच बाहेर काढून नाकाशी नेला. आत पोत्याला घाम सुटला होता. तळाशी बुरशीची जाळी धरलेली होती.

तोवर सुमनबाईची एक म्हैस मेली होती. दुसरी खाणं सोडून बसली होती. जनावरांचे डॉक्टर म्हणाले की बुरशीच्या खाद्याने असं होऊ शकतं, पण खात्रीने सांगता येणार नाही. सुमनबाईचा गोठाही गळत होता, तिचं कुटारही ओलंच होतं. दादा म्हणाला, डॉक्टरच नक्की सांगत नाहीत तर आपण कशाला अंगावर ओढून घ्यायचं. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. गावात दुसरा कुणीही हेच म्हणाला असता. वहिनीने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो सांगितला आणि जिथे जिथे ती पोती गेली होती तिथे दारोदार गेली. प्रत्येक दारात उभं राहून तिने सांगितलं की आमच्या मालाला बुरशी आहे, जनावराला चारू नका, पोतं परत द्या. काहींनी मुकाट्याने दिलं, काहींनी शिव्या दिल्या. एकाने टेम्पोच्या मागे पोरं पाठवली, ती ओरडत गावभर फिरली. शेवटी ती सुमनबाईकडे गेली आणि संध्याकाळी परत येऊन आमच्या गोठ्यातली दुभती म्हैस सोडली. ती म्हैस दादाने पारडू असल्यापासून वाढवलेली होती. कुणाला काही न विचारता वहिनी तिला दोरीला धरून पायी सुमनबाईच्या गावाला घेऊन गेली.

त्यानंतर घरात पाकिटाचं दूध येऊ लागलं. दादा ते घेत नसे, कोरा चहा प्यायचा. बोलणं कामापुरतं उरलं. मुलाने पुण्याहून मला फोन केला, आत्या, तू जाऊन ये. मी गेले. दादा ओसरीवर बसून म्हणाला, "आपल्या तोंडानं आपला धंदा बुडवला तिनं. आता दारात कुत्रं येत नाही." वहिनी आत भाकरी थापत होती, तिला ते ऐकू गेलंच असणार. नंतर मी तिच्यासोबत बंद पडलेल्या शेडमध्ये गेले. ड्रायरवर कोळ्यांनी जाळी केली होती. मी तिला विचारलं, वहिनी, म्हैस दिलीस ते ठीक, पण गावभर सांगायची काय गरज होती, गुपचूप पोती आणली असती तरी चाललं असतं. ती ड्रायरचं दार पुसत राहिली. मग म्हणाली, "खोटं सांगून आणलं असतं, नंदाबाई, तर पोतं परत कोण देते? दोघा-तिघांनी ठेवूनच घेतलं असतं. एखाद्या गाईनं खाल्लं असतं." थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "अन् तुमच्या दादावर मी रागावली नाही. गरम माल भरायचा नसते, हे मी त्याईले कधी सांगितलंच नव्हतं. सारं आपल्याजवळच ठेवलं होतं मी." हे तू दादाला सांगितलंस का, मी विचारलं. ती नाही म्हणाली. मी बाहेर येऊन ते दादाला सांगितलं.  दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिच्या कपातला दुधाचा चहा आपल्या कपात ओतून घेतला, एवढं मी पाहिलं.

पुढचा हंगाम शेड बंदच राहिली. वहिनी अकोल्याला एका ओळखीच्या प्राध्यापकांकडे जाऊन मालातला ओलावा कसा मोजायचा ते नीट शिकून आली. थोड्या मालाचं वजन करायचं, तो भट्टीत पूर्ण सुकवायचा, पुन्हा वजन करायचं. जितकं घटलं तितकं पाणी. हे तिने परत आल्यावर दादाला शिकवलं, दोघी बायकांना शिकवलं. गोळी पाडल्यावर ती पसरून पूर्ण गार होईपर्यंत पोत्याला हात लावायचा नाही, हा नियम झाला. शेड पुन्हा सुरू झाली तरी गिऱ्हाईक येईना. आली ती सुमनबाईच. उरलेली म्हैस आणि आमची म्हैस, दोघी कुटाराला तोंड लावत नाहीत म्हणाली. माफ केलं वगैरे काही म्हणाली नाही. पुढे वर्षभर ती प्रत्येक पोतं वहिनीसमोर उसवायची, कोपरापर्यंत हात घालून तळाचा माल वर काढायची, वास घ्यायची. वहिनी तेवढा वेळ हात बांधून समोर उभी राहायची. एकदा दादा वैतागून म्हणाला, "सुमनबाई, आता तरी इश्वास ठेवा." तर वहिनीच त्याला म्हणाली, "पाहू द्या त्याईले." बाकीची गिऱ्हाइकं नंतर एकेक करून आली.

अलीकडच्या वर्षांत तिला अमरावतीच्या खरकट्याचं वेड लागलं होतं. इथे शिकवणी वर्गांसाठी आलेली मुलं हजारोंनी राहतात, गल्लोगल्ली मेस आहेत. त्यांचं उरलेलं अन्न कुठे जातं, हे ती मला विचारत राहायची, आणि मला माहीत नसायचं. मग एके दिवशी ती स्वतःच आली आणि माझ्या घराजवळच्या एका मेसवाल्याकडून पोळ्यांचा ढीग घेऊन आली. माझ्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्या पोळ्या वाळत पडल्या. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ तक्रार घेऊन वर आले, तर तिने त्यांनाच आत बोलावून चहा दिला आणि त्यांच्या घरी रोज किती पोळ्या उरतात ते विचारून घेतलं. पोळ्यांचं जमलं. भाजी-वरणाचं मात्र नाही. तेल-मिठामुळे ते जनावराला चालत नव्हतं आणि त्यात चमचे, रबरं, पाऊच काय काय निघायचं. सहा महिने धडपडून तिने ते सोडून दिलं. सोडून देताना म्हणाली, "हे मले जमलं नाही. दुसऱ्या कोणाले जमेल." आणि पोळ्या नेत राहिली.

जायच्या काही आठवडे आधी ती डॉक्टरकडे म्हणून माझ्याकडे आली होती. धुळीपासून लांब राहा, असं त्यांनी सांगितलं होतं. जिना चढताना दोनदा थांबली. मी म्हटलं, आता दादावर सोड सगळं. ती म्हणाली, "त्याईले येते सारं. माह्यापेक्षा चांगलं येते. पण त्याईले ते माहीत नाही अजून." मग जेवलो, ती झोपली, उठून संध्याकाळच्या गाडीने निघून गेली. निरोप घेण्यासारखं काही घडलं नाही...

तेरवीनंतर मी एकदा जाऊन आले, आणि परवा पुन्हा गेले. शेडच्या कोपऱ्यात तिची एक लहान खोली आहे, मी तिथे आधी कधी नीट पाहिलंच नव्हतं. भिंतीला एक फळी, फळीवर लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत मूठभर गोळ्या. दादाने सांगितलं, माल बाहेर गेला की त्यातली एक मूठ ती इथे ठेवायची. तो माल गिऱ्हाइकांकडे सगळा चारून संपला, कुठल्या जनावराला काही झालं नाही, असं कळलं की मगच बरणी रिकामी करायची. ती गेल्यापासून बरण्यांना कुणी हात लावला नव्हता. आता दादा दुपारी तिथे बसतो आणि एकेका गिऱ्हाइकाला फोन करून विचारतो. संपला म्हणाले की बरणी उचलतो, गोळ्या नंतर घेतलेल्या म्हशीसमोर टाकतो, बरणी धुऊन उन्हात पालथी घालतो.

मी होते तेव्हा एकच बरणी उरली होती. वहिनीने स्वतः पाडलेल्या शेवटच्या मालाची. तो माल सुमनबाईकडे गेला होता. दादाने माझ्यासमोर फोन लावला. जनावरं कशी आहेत, दूध कसं आहे, हे विचारून झालं, आणि मग त्याने माल संपला का ते विचारलं. अजून एक पोतं आहे, म्हणाली असावी. दादाने फळीकडे पाहिलं.

"राहू द्या," तो म्हणाला. "काही घाई नाही. सावकाश होऊ द्या."